सावलीतले मंत्री

विरोधी पक्षाने विरोधच करायचा असतो, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. ब्रिटनमध्ये सरकारच्या प्रत्येक प्रमुख मंत्र्यासमोर विरोधी बाकांवर त्याच खात्याचा अभ्यास करणारा सदस्य बसलेला असतो. त्या खात्याची विधेयके, खर्च आणि चुका यांचा पाठपुरावा हे त्याचे नेमून दिलेले काम. यालाच छाया मंत्रिमंडळ म्हणतात.

त्याची रचना कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २००५ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन हुजूर पक्षाचे नेते झाले. ज्यांना पराभूत करून ते नेते झाले, त्या डेव्हिड डेव्हिस यांच्याकडेच त्यांनी छाया गृहखाते ठेवले. पक्षाचे नेतृत्व पूर्वी भूषविलेले विल्यम हेग वयाने लहान नेत्याच्या हाताखाली परराष्ट्र व्यवहार पाहू लागले. जॉर्ज ऑस्बोर्न यांचे अर्थखाते कायम राहिले. (आपल्याकडे पराभूत स्पर्धकाची रवानगी कोठे होते, हे सांगावयास नको!) मे २०१० मध्ये सत्ता आली, तेव्हा हेग आणि ऑस्बोर्न त्याच खात्यांचे मंत्री झाले. पाच वर्षांची पूर्वतयारी त्यांच्या पाठीशी होती. मात्र छायेतले पद म्हणजे हक्क नव्हे. डेव्हिस २००८ मध्येच बाहेर पडले होते आणि निवडणुकीपर्यंत छाया गृहमंत्री असलेल्या ख्रिस ग्रेलिंग यांना डावलून ते खाते टेरेसा मे यांच्याकडे गेले.

मजूर पक्षात विरोधात असताना हे सदस्य खासदारच मतदानाने निवडत. २०११ मध्ये ती प्रथा मोडली आणि निवडीचा अधिकार नेत्याकडे गेला.

महाराष्ट्रातही ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने नवी मुंबईत असे मंत्रिमंडळ जाहीर केले. कल्पना चांगली होती. पण तेव्हा विधानसभेत पक्षाचा आमदार एकच होता. सभागृहाबाहेरच्या छाया मंत्र्याला ना तारांकित प्रश्न विचारता येतो, ना लक्षवेधी मांडता येते. योगायोग असा की, पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण त्याच दिवशी आढळले आणि आरोग्य खात्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचे दिवस सुरू झाले.

१९७७ च्या कायद्याने संसदेतील विरोधी पक्षनेत्याला वेतन व सुविधा दिल्या. २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेत ते पदच रिक्त राहिले. नेत्यामागे खातेनिहाय फळी उभी करण्याचे बंधन तर कोणत्याच कायद्यात नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनात कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेविना, एका झटक्यात मंजूर होतात. तेव्हा विरोधी बाकांवरील किती जणांनी त्या मागण्यांची पुस्तके उघडलेली असतात?