रोजा सगळ्यांचा, सहेरी एकटीची

रमजानबद्दल बाहेरच्यांना सांगताना आपलं एक वाक्य ठरलेलं असतं: या महिन्यात श्रीमंत-गरीब, मालक-नोकर सगळे एकाच भुकेला सामोरे जातात. वाक्य खरं आहे, पण ते घराच्या उंबरठ्यापर्यंतच खरं आहे. उंबरठ्याच्या आत, स्वयंपाकघरात, ही समता अजून पोचलेली नाही. तिथं भूक सगळ्यांची सारखी असते, काम मात्र एकीच्याच वाट्याला येतं. माझं म्हणणं सरळ आहे. दीननं रोजदाराला ज्या सवलती दिल्या, त्या आपल्या घरांनी बायकांकडून काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी दुप्पट काम ठेवलं. याला धर्माचं नाव देऊ नका. ही आपण लावून घेतलेली सवय आहे आणि ती मोडता येते.

आधी हिशोब मांडू. मार्च महिन्यात आपल्याकडे सहेरीची वेळ साधारण साडेपाचच्या आसपास संपते. त्यासाठी घरातली बाई साडेतीनला उठते. चपाती, सालन, चहा, मग एकेकाला हाका. ती स्वतः जेवायला बसते तेव्हा अजानला पाच-सात मिनिटं उरलेली असतात. मग भांडी, फजर, मुलांचे डबे आणि त्यानंतर तिची शाळा, दवाखाना, शिलाई मशीन किंवा दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. चार वाजता पुन्हा गॅस पेटतो: भजी, समोसे, फळं चिरणं, सरबत, मोहल्ल्यात पाठवायची ताटं. पावणेसातच्या सुमारास तोंडात खजूर पडतो, मगरिब होते आणि लगेच रात्रीचं जेवण. पुरुष इशा आणि तरावीहसाठी मशिदीत जातात. ती ओट्यापाशी उभी. भांडी घासून डोळे उघडे राहिलेच, तर तिची तरावीह घरातल्या कोपऱ्यात. असे २९ किंवा ३० दिवस.

गेली काही वर्षं रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतोय. घरात बारावीचा मुलगा असेल तर त्याच्या खोलीचं दार लावून घेतात, "त्याचा पेपर आहे" म्हणून आवाजही कमी करतात. बारावीची मुलगी असेल तर? तिला चार वाजता हाक येते: "बेटा, जरा कांदे चिरून दे." पेपर दोघांचाही तोच, रोजाही दोघांचा तोच. तुमच्यापैकी अनेकींनी हे भोगलंय आणि अनेकांनी हे पाहूनही पाहिलेलं नाही.

याला एक उत्तर हमखास येतं: रोजदाराला इफ्तार देण्यात मोठा सवाब आहे, बायका तो कमावतात. सवाब आहेच. पण ज्या हदीसच्या आधारानं हे सांगितलं जातं, त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. जो कुणी इफ्तार देईल त्याच्यासाठी ते आहे. नमाजच्या पहिल्या सफेत जागा मिळावी म्हणून जे भाऊ धावत जातात, ते या सवाबासाठी स्वयंपाकघराकडे कधी धावताना दिसत नाहीत. एवढा मोठा सवाब इतक्या उदारपणे दुसऱ्याला सोडून देणारी माणसं मला दुसरीकडे कुठं भेटलेली नाहीत.

प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत असत, असं हजरत आयशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असा त्यांच्या उत्तराचा आशय हदीसमध्ये नोंदला आहे. दाढी किती लांब असावी, पायजमा कुठपर्यंत असावा यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. ही सुन्नत मात्र कुणाच्या बयानात सहसा ऐकू येत नाही.

आता सवलतींकडे येऊ. सूरह बकरात जिथं रोज्याचा आदेश आहे, तिथंच आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही, हा आशयही तिथंच आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं रोजा ठेवायचाच नसतो, ते रोजे नंतर कजा म्हणून पूर्ण करायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही मोकळीक आहे. नियम स्वच्छ आहे. आपल्या घरांनी त्याचं काय केलं? पाळीतली मुलगी फ्रीजमागे उभी राहून पाणी पिते. अब्बा किंवा भाई आले की घास लपवते. कुणाला संशय येऊ नये म्हणून सहेरीलाही उठते आणि इफ्तारच्या दस्तरखानावर रोजदारासारखी बसते. अल्लाहनं दिलेली सूट ती चोरासारखी वापरते. लाज कशाची? हजरत आयशा (रजि.) यांनी स्वतः सांगितलं आहे की, त्यांचे राहिलेले रोजे त्या पुढच्या शाबानपर्यंत पूर्ण करत. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेत जे मोकळेपणानं बोललं गेलं, ते आज आपल्या दोन खोल्यांच्या घरात कुजबुजून बोलावं लागतं.

आणि तो कजा रोजा! रमजानमध्ये मशिदीतून जागं करणारी हाक असते, मोहल्ला जागा असतो, दस्तरखान भरलेलं असतं. कजाच्या दिवशी ती एकटी उठते, रात्रीची शिळी चपाती चहात बुडवून खाते, दिवसभर घरच्यांना दोन वेळचं जेवण करून वाढते आणि संध्याकाळी ओट्यापाशी उभ्या उभ्या रोजा सोडते. तिच्यापुढं कुणी खजुराची वाटीही सरकवत नाही. पुरुषाचा रमजान ईदला संपतो. तिचा त्यानंतरही सहा-सात दिवस उरतो आणि त्याची नोंद फक्त तिच्याकडं असते.

माझ्या अम्मीला पंधरा वर्षं शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी रोजे नकोत म्हणून सांगितलं होतं. तिनं ठेवले, कारण "लोग क्या बोलेंगे." तेविसाव्या रोज्याला दुपारी साडेचारला, भज्यांचं पीठ कालवताना ती कोसळली. शुगर एकदम उतरली होती. दवाखान्यात सलाइन चालू असताना भेटायला आलेल्या खालांचा पहिला प्रश्न होता, "रोजा टूटा क्या?" त्या संध्याकाळी घरात चार रोजदार पुरुष होते आणि सरबताची साखर कुठल्या डब्यात आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. अम्मी वाचली. पुढच्या वर्षापासून ती रोजे ठेवत नाही, फिद्या म्हणून रोज एका गरजू माणसाचं जेवण जातं. अब्बांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सहेरीचा चहा केला. सुरुवातीला पांचट व्हायचा, आता बरा होतो. घर बुडालं नाही, बरकत कमी झाली नाही. पण त्यासाठी एका बाईला जमिनीवर कोसळावं लागलं, हे मला आजही मान्य नाही.

मग येते ईद. चाँदरातीला बाजारातून आल्यावर खारीक, बदाम, पिस्ता भिजवून कापायचे, शेवया भाजायच्या, दूध आटवायचं. रात्री दोन-अडीचला पाठ टेकते. सकाळी पुरुष अत्तर लावून ईदगाहला जातात, नमाज पढतात, गळाभेटी घेतात. महिनाभराच्या इबादतीचा समारोप तिथं होतो. ज्यांनी तो महिना चालवला, त्या तेव्हा शिरखुर्म्याच्या पातेल्याजवळ असतात. तकबीर त्यांना ऐकू येते ती लाउडस्पीकरवरून.

असंच असतं, असं म्हणू नका. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांची हदीस बुखारीत आहे. ईदला तरुण मुलींना, पडद्यातल्या स्त्रियांना, अगदी पाळी चालू असलेल्या स्त्रियांनाही बाहेर आणा, असा प्रेषितांचा (स.) आदेश त्या सांगतात. पाळीतल्या स्त्रियांनी नमाजपासून बाजूला राहावं, पण दुआत सामील व्हावं. एखादीकडं चादर नसेल तर? तिच्या मैत्रिणीनं आपली द्यावी. म्हणजे कपडा नाही हे कारणसुद्धा चाललं नाही, मग आपली कारणं कशी चालतील? केरळमध्ये ईदगाहवर स्त्रियांच्या सफा असतात. आपल्याकडं अहले-हदीसच्या अनेक मशिदींत स्त्रियांसाठी जागा असते. हजला गेलेली आपली प्रत्येक आजी काबागृहाच्या मशिदीत नमाज पढून येते आणि परत आल्यावर तिला गल्लीतल्या मशिदीची पायरी चढता येत नाही. मशीद प्रवेशासाठी पुण्यातलं एक दाम्पत्य २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं शपथपत्रात सांगितलं की, स्त्रियांना नमाजसाठी मशिदीत जायला परवानगी आहे. बोर्ड म्हणतं परवानगी आहे, आमच्या गावचे जिम्मेदार म्हणतात जागा नाही. मोटारसायकली लावायला मात्र त्याच मैदानात दोरी बांधून जागा आखलेली असते.

काही मित्र म्हणतील, दिवस वाईट आहेत. आपल्यावर चहूकडून बोट रोखलं जात असताना घरातलं चव्हाट्यावर कशाला? उलट, म्हणूनच बोलायचं. द्वेष करणाऱ्यांना आपल्या आयांच्या पाठदुखीशी काही देणंघेणं नाही. त्यांनी हा विषय उचलण्याची वाट पाहायची आणि मग चिडून आपल्या सवयींचं समर्थन करायचं, हा खेळ आपण फार वेळा हरलोय. दिवाळीच्या फराळाला आणि गौरी-गणपतीला शेजारच्या काकूही अशाच पिचतात, हेही खरं. पण त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्या मुलांनी बघावं. आपलं आपण बघू.

काय करायचं ते फार मोठं नाही. भावांनो, येत्या रमजानला तुमचा गजर अम्मीच्या आधी अर्धा तास लावा आणि उठल्यावर मोबाइल बघू नका, कणीक मळा. इफ्तारला खजूर, फळ, एक पदार्थ. पाच तळणांचा हट्ट सोडा. आठवड्यातून निदान तीन दिवस तरावीहला निघण्याआधी भांडी तुमची, म्हणजे तिलाही वुजू करून उभं राहता येईल. घरात कुणाचा रोजा नसेल तर का नाही, हे विचारू नका, ताट वाढा. तिच्या कजा रोज्यांना सोबत म्हणून एखादा नफल रोजा तुम्हीही ठेवा. बहिणींनो, लपून पाणी पिणं बंद करा. आणि दोघंही मिळून ईदगाह कमिटीला लेखी अर्ज द्या: स्त्रियांसाठी वेगळी जागा, वुजूची सोय, येण्याजाण्याचा वेगळा रस्ता. खाली पंचवीस-तीस सह्या घ्या, त्यात पुरुषांच्याही असू द्या. अर्ज शाबानमध्येच द्या. चाँदरातीला दिला तर उत्तर ठरलेलं आहे: पुढच्या वर्षी बघू.