मोबाईलचे दात

(द्वितीय वर्ष, कला)

‘मोबाईल कोणता घ्यावा’ हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला शोभेल काय, अशी शंका काही प्राध्यापकांच्या मनात येईल. वार्षिकांकात दुष्काळावर, हुंड्यावर, बेकारीवर लेख यावेत, कविता याव्यात, खरेदीविक्रीची चर्चा बाजारात व्हावी, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु आमच्यासारख्यांच्या घरात बैलजोडी आणि लग्न यांच्या खालोखाल मोठा खर्च आज कोणता असेल तर तो मोबाईलचा. वडिलांची दोन महिन्यांची मजुरी किंवा मुलाचे ‘कमवा आणि शिका’चे वर्षभराचे पैसे त्यात जातात. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज त्यावर, निकाल त्यावर, प्राध्यापकांनी पाठवलेली टिपणे त्यावर, वडिलांच्या पीएम-किसानची ई-केवायसीही त्यावरच. तेव्हा जो पदार्थ एकाच वेळी पुस्तक, पासबुक आणि पाकीट झाला आहे, त्याच्याविषयी दोन शब्द लिहिले तर वावगे होऊ नये.

सध्या आमच्या वर्गात या विषयावर दोन पक्ष पडले आहेत. हातात पंधरा ते वीस हजार रुपये आहेत असे धरले, तर एक पक्ष म्हणतो, चार-पाच वर्षांपूर्वीचा नामांकित कंपनीचा सर्वांत भारी फोन, म्हणजे ‘फ्लॅगशिप’, वापरलेला घ्यावा. दुसरा म्हणतो, त्याच पैशात यंदाचा मध्यम किमतीचा फोन खोक्यातून नवा काढावा. फ्लॅगशिप हा शब्द मुळात आरमारातला. ज्या जहाजावर आरमाराच्या प्रमुखाचे निशाण फडकते ते जहाज फ्लॅगशिप. कंपन्यांनी तो उचलला तो उगाच नव्हे. निशाणाचे जहाज म्हटले की घेणाऱ्याला आपणच सरखेल झाल्यासारखे वाटते.

नुसते हवेत बोलण्यापेक्षा दोन फोन समोर ठेवू. सॅमसंगचा गॅलेक्सी एस २१ जानेवारी २०२१ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत ६९,९९९ रुपये होती. आज तो वापरलेला घेतला तर आपल्या आवाक्यात येतो. त्याच कंपनीचा गॅलेक्सी ए १६ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. तो मध्यम गटातही खालच्या पायरीवरचा, पण नवा मिळतो आणि पैसे साधारण तेवढेच पडतात.

आता एस २१ ची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. यंत्र म्हणून तो सरस आहे यात वाद नाही. त्याच्या पडद्यावरचे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलते, ए १६ चे ९० वेळा. फोटो काढताना हात हलला तरी भिंग सावरून घेईल अशी सोय त्यात आहे, ए १६ मध्ये ती नाही. एस २१ ला पाण्याविरुद्ध आयपी ६८ हा दर्जा आहे, ए १६ पाण्याचे शिंतोडे सोसेल एवढेच. ए १६ च्या पाठीवर तीन भिंगे आहेत खरी, पण त्यातले तिसरे २ मेगापिक्सेलचे आहे. ते कशासाठी बसवले, असे विचारले तर ‘तीन’ हा आकडा भरण्यासाठी, हेच उत्तर मला सुचते. एस २१ वर एखादे ॲप उघडावे तर ते चटकन उघडते, ए १६ वर थोडे थांबावे लागते. ए १६ ची बॅटरी ५,००० एमएएचची, म्हणजे एस २१ च्या ४,००० पेक्षा मोठी, आणि त्यात मेमरी कार्डाला जागा आहे, जी एस २१ मध्ये नाही. पण एवढ्यावरून कोणी त्याला अधिक चांगले यंत्र म्हणणार नाही.

आमच्या वर्गातील पहिला पक्ष येथेच थांबतो आणि टाळी देतो. माझा मतभेद येथून पुढे आहे.

बैलबाजारात गेलेल्या माणसाने कधी नुसते बैलाचे शिंग, वशिंड आणि रंग पाहून सौदा केला आहे काय? आमच्याकडे जाणता माणूस आधी बैलाचा जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला, अशी त्याची मोजणी असते. बैल दिसायला कितीही देखणा असो, त्याच्यात आणखी किती वर्षांची मेहनत शिल्लक आहे हे दात सांगतात, आणि भाव त्यावर ठरतो. फोनलाही दात असतात. ते दुकानदार दाखवत नाही आणि आपणही पाहत नाही.

पहिला दात म्हणजे कंपनीने दिलेली सुधारणांची मुदत. फोनच्या आतल्या व्यवस्थेत चोरांना शिरायला फटी सापडत राहतात, आणि कंपनी वेळोवेळी सुधारणा पाठवून त्या बुजवते. ही सेवा कायमची नसते. एस २१ ला सॅमसंगने अँड्रॉइडच्या चार पुढच्या आवृत्त्या आणि पाच वर्षांपर्यंतची सुरक्षा कबूल केली होती. तो अँड्रॉइड ११ घेऊन आला आणि १५ पर्यंत पोचला. सुरक्षेची मुदत २०२६ च्या आरंभापर्यंतची. ए १६ ला मात्र आवृत्त्या आणि सुरक्षा दोन्ही सहा वर्षांसाठी आहेत, म्हणजे २०३० पर्यंत. आणि येथे एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. ही मुदत फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जाते, आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नव्हे. पाच वर्षांचा फोन पाचव्या वर्षी घेणारा मनुष्य जुळलेला बैल गोऱ्ह्याच्या कौतुकाने घरी आणतो.

मुदत संपली म्हणून फोन त्याच दिवशी बंद पडत नाही, हे खरे. तो चालत राहतो आणि म्हणूनच धोका कळत नाही. गाणी ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? पण ज्या घरात तोच फोन बँकेचे खिडकीसारखे काम करतो, ज्यावर शिष्यवृत्ती जमा झाल्याचा संदेश येतो आणि यूपीआयवरून किराण्याचे पैसे जातात, तेथे फरक पडतो. पुढे एक एक ॲपही जुन्या फोनला सोडून जाते. व्हॉट्सॲपने २०२५ च्या जानेवारीपासून अँड्रॉइड ५ च्या आधीचे सगळे फोन सोडून दिले. ते फोन फार जुने होते हे मान्य, पण रीत तीच राहणार.

या बाबतीत ॲपलवाल्यांना वेगळा न्याय द्यावा लागेल. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेली नवी आवृत्तीही मिळाली. सहा वर्षांनी! अँड्रॉइडवाल्या कंपन्यांना ही सवय अलीकडे लागली. गुगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचे वचन द्यायला सुरुवात केली. म्हणजे पुढे तीन-चार वर्षांनी कोणी दुसरा विद्यार्थी याच विषयावर लिहील तेव्हा कदाचित जुन्या निशाणाच्या जहाजाच्या बाजूने लिहील. माझा वाद आजच्या बाजारातल्या जुन्या जहाजांशी आहे.

दुसरा दात बॅटरीचा. लिथियमची बॅटरी वापरून तर झिजतेच, पण नुसती ठेवली तरी झिजते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांबद्दल ॲपल स्वतः सांगते की पूर्ण चार्जिंगच्या ५०० फेऱ्यांनंतर बॅटरीची ताकद ८० टक्के राहावी अशी तिची रचना आहे. रोज एक फेरी धरली तर दीड वर्षसुद्धा होत नाही. मग चार-पाच वर्षे वापरलेल्या फोनची काय कथा? याच कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले होते की बॅटरी थकलेल्या फोनांचा वेग ती मुद्दाम कमी करते, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. केवढा गहजब झाला होता! पुढच्या वर्षी तिला बॅटरी बदलण्याचा दर उतरवावा लागला.

‘बॅटरी बदलून घेऊ’ असे आमचे मित्र सहज म्हणतात. पुण्या-मुंबईत ते सोपे असेल. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी अस्सल बॅटरी मिळणे मुश्किल, आणि मिळाली तरी हे फोन सरसाने चिकटवलेले असतात. एकदा पाठ उघडली की पाणी अडवणारी चिकटपट्टी गेली. म्हणजे ज्या आयपी ६८ साठी पैसे मोजले ते दुकानातच वाहून गेले. तुटलेल्या पडद्याची गोष्ट तर काढायलाच नको. फ्लॅगशिपची किंमत वयाबरोबर उतरते, त्याच्या पडद्याची तितकीशी उतरत नाही.

तिसरा दात फाइव्ह-जीचा असे सांगतात, पण तो मी फारसा मोजत नाही. आपल्या देशात ती सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि त्याआधीचे कित्येक भारी फोन, उदाहरणार्थ २०१९ चा वनप्लस ७ टी, फोर-जीचेच होते. व्याख्यान ऐकायला आणि पुस्तक उतरवायला फोर-जी पुरते. रेंज आली तर!

वापरलेला फोन घेताना आणखी एक भय असते, ते चोरीच्या मालाचे. त्यावर उपाय आहे आणि तो सर्वांना ठाऊक असावा म्हणून देतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला, किंवा २०२३ मध्ये सरकारने सुरू केलेल्या ‘संचार साथी’वर तपासला, की त्या फोनवर बंदी आहे काय ते कळते. मूळ बिल मागावेच. विकणारा बिलाचे नाव काढताच ओळखीच्या गप्पा मारू लागला तर तेथून उठावे. बड्या घरच्या मुलाकडे चोरीचा फोन सापडला तर गैरसमज म्हणतात, आमच्याकडे सापडला तर गैरसमज म्हणून कोणी सोडणार नाही.

आता मनातले बोलतो. ज्यांना जुना फ्लॅगशिप हवा असतो त्या सर्वांना भिंगे आणि वेग हवे असतात असे मला वाटत नाही. खेड्यातून आलेला मुलगा पहिल्या वर्षी शहरातल्या वर्गात बसतो तेव्हा त्याची बोली, चप्पल, डबा सगळे त्याच्याविषयी आधीच काहीतरी सांगून टाकतात. अशा वेळी टेबलावर पालथा ठेवलेला मोठ्या नावाचा फोन त्याच्या वतीने दुसरे काहीतरी बोलतो. मी यात पाप पाहत नाही. ‘साधी राहणी’ हा उपदेश ज्यांच्याकडे दोन फोन असतात त्यांच्या तोंडून मला तरी ऐकवत नाही. पण एवढे विचारतो: तो फोन आपल्या घरी एकट्याचा असतो का? आमच्याकडे तरी नसतो. दोन वर्षांनी तो अकरावीतल्या बहिणीकडे जाणार, तिच्यानंतर आईकडे. वापरलेला फ्लॅगशिप घेणारा स्वतःच दुसरा किंवा तिसरा मालक असतो, मग बहिणीच्या हाती काय पडणार? २०३० पर्यंतची मुदत असलेला फोन आज घेतला तर माझी पदवी होऊन तिचीही होईपर्यंत तो सुरक्षित राहील. माझ्या हिशेबात हा आकडा सगळ्या मेगापिक्सेलांवर भारी पडतो.

अर्थात नवा मध्यम फोन म्हटला की झाले असेही नाही. दर महिन्याला नव्या नावाचा फोन येतो आणि त्यांतले कित्येक दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडले जातात. दुकानदाराला ‘सुधारणा किती वर्षे मिळतील?’ असे विचारून पाहा, तो कॅमेऱ्याविषयी बोलू लागेल. बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या पट्टीवर अखेरची तारीख छापलेली असते. अठरा टक्के जीएसटी भरून घेतलेल्या फोनच्या खोक्यावर ती का नसावी? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की तेथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही निदान ८० टक्के राहिली पाहिजे आणि फोनची विक्री थांबल्यावरही पाच वर्षे सुधारणा मिळाल्या पाहिजेत. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या प्रश्नावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये एक पोर्टलही उघडले. ते चांगले झाले, पण पोर्टल पाहून फोन घेणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. माणूस खोके पाहतो. तारीख खोक्यावर मराठीत आणि ठसठशीत छापावी, एवढीच मागणी आहे, आणि आपल्या विद्यार्थी मंडळाने तसे निवेदन ग्राहक खात्याकडे पाठवावे असे मी येथे सुचवतो.

छायाचित्रणाचा छंद असणाऱ्या मित्रांना माझा हिशेब लागू नाही. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून, बिलासकट, दोन वर्षांच्या आतला फ्लॅगशिप जरूर घ्यावा, त्याचे दात अजून पांढरे असतात. बाकीच्यांनी दुकानात जाण्यापूर्वी फोन बाजारात आल्याचा महिना आणि सुधारणांची वर्षे कागदावर लिहून बेरीज करावी. मी अठरा हजार साठवले आहेत, दिवाळीनंतर भाव थोडे उतरले की जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असल्यास शनिवारी चार वाजता ग्रंथालयापाशी भेटावे.