गोधडीची कोशनोंद : एक हरकत

संपादक महाशयांस,


गोधडीकारांवरील कोशनोंदीत प्रदर्शने व पारितोषिके यांपलीकडे तपशील नसावा, या गतांकातील पत्रलेखकाच्या आग्रहास माझी सविनय हरकत आहे. ‘गोधारीज ऑफ महाराष्ट्र’ या ग्रंथाच्या कर्त्या गीता खंडेलवाल यांचीच नोंद सुधारावयाची झाली, तर जीर्ण लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून ते साध्या धावदोऱ्याने सांधणारी जी विद्या त्यांनी गावोगाव न्याहाळली, तिचे वर्णन गाळून मसुद्यात उरेल ते काय? कर्नाटकातील सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांस ‘फुला’ नावाचे घडी घातलेले कापडाचे तुकडे लावतात; असला बारकावा हाच कलेचा खरा दाखला. अमेरिकेतील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर चढल्या, त्यांत शेतकामात विटलेल्या कपड्यांचे तुकडेही होते, आणि ते कोणी लपविले नाहीत. हिमरू वस्त्राचे कौतुक करता न थकणाऱ्या आमच्या शहरात वाकळ, म्हणजे गोधडी, मात्र पाहुणा येताच माळ्यावर जाते, हे जाता जाता नमूद करतो. नोंदीत कापड, टाका आणि शिवणारीचे गाव यांना प्रथम जागा द्यावी. पारितोषिकांची यादी शेवटी आली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर