ट्रॉलीवर मोजलेले खत

पावसाळ्याआधी कांदा, द्राक्ष, डाळिंबाच्या पट्ट्यांत कोंबडीखताच्या गाड्या फिरू लागतात. भाव ठरतो ट्रॉलीवर किंवा गोणीवर. त्यात नत्र किती, स्फुरद किती, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. सेंद्रिय खत कितीही घाला, जमिनीचे भलेच होते, हा समज इतका पक्का आहे की युरिया किलोवर मोजणारा शेतकरीही इथे हिशेब सोडून देतो.

वाळलेल्या कोंबडीखतात साधारण ३ टक्के नत्र आणि अडीच टक्के स्फुरद धरतात. एकरी चार टन टाकले की १२० किलो नत्र आणि १०० किलो स्फुरद जमिनीत गेले. कांद्याची शिफारस हेक्टरी १००:५०:५०, म्हणजे एकरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. पहिल्या हंगामात निम्मेच नत्र लागू पडते असे धरले तरी ते गरजेच्या दीडपट होते. स्फुरद तर पाचपट. एवढे करून १०:२६:२६ च्या गोण्या ठरल्याप्रमाणे पडतातच!

हे जास्तीचे स्फुरद वरच्या थरात साठत राहते. मग पिकाला जस्त घेणे जड जाते, पाने पिवळी पडतात आणि शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीवर पुन्हा पैसे घालतो. धुपलेल्या मातीबरोबर तेच स्फुरद ओढ्यात, तलावात उतरते आणि तिथे शेवाळ, जलपर्णी पोसते. नत्राची वाट निराळी. हलक्या मुरमाड रानातून ते नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, कारण त्याचा पहिला धोका तान्ह्या बाळांना असतो. विहिरीतल्या नायट्रेटला रासायनिक खते आणि सांडपाणीही जबाबदार आहेत. पण म्हणून शेणाला आणि विष्ठेला त्यातून वगळता येत नाही.

शेणखताचे गणित सौम्य आहे. टनात जेमतेम ५ किलो नत्र, तेही पहिल्या वर्षी तिसरा हिस्साच पिकाच्या हाती लागतो. बहुतेक शेतकऱ्यांना तर ते पुरतच नाही. एका रानात थरावर थर आणि शेजारचे रान वर्षानुवर्षे उपाशी, हे म्हणूनच अधिक खटकते. सोयाबीन हवेतले नत्र स्वतः मिळवते. त्याच्यावर कोंबडीखत ओतण्यापेक्षा ते मक्याला, उसाला द्यावे. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले असेल तर खताची मात्रा स्फुरदावरूनच ठरवावी आणि नत्राची तूट वेगळी भरून काढावी. टाकलेले खत उन्हात उघडे पडले की त्यातला अमोनिया उडून जातो, आणि पहिल्याच वळवाने उतारावरचे खत ओढ्याला मिळते. पसरले त्याच दिवशी कुळवाची पाळी घालून ते मातीआड करावे. विहीर आणि ओढा यांच्या काठची पट्टी मोकळी ठेवावी.

युरोपीय समुदायाने १९९१ मध्येच नायट्रेटप्रवण भागांत जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलो नत्राची मर्यादा घातली. आपल्याकडे २०१५ पासून मृदा आरोग्यपत्रिका आहे. मातीत काय आहे ते ती सांगते. बाहेरून आणलेल्या खतात काय आहे ते सांगणारा कागद शेतकऱ्याच्या हाती नाही. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी खताचा नमुनाही अल्प शुल्कात तपासून द्यावा, मोठ्या कुक्कुटपालकांवर विक्रीबरोबर पृथक्करणाचा कागद देण्याचे बंधन घालावे आणि कृषी सहायकाने खतातून आलेले नत्र-स्फुरद वजा करूनच गोण्यांची शिफारस करावी. येत्या खरिपाआधी कृषी विभागाने याची सुरुवात कोंबडीखताचा वापर सर्वाधिक असलेल्या तालुक्यांतून करावी.