सिकलसेलच्या पोस्टरवर कोणाचा फोटो?

जून जवळ आला की विदर्भातील वस्त्यावस्त्यांत सिकलसेल जनजागृतीचे कार्यक्रम ठरू लागतात. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. कुठे महिला मंडळ रॅली काढते, कुठे युवक मंडळ वर्गणी जमवून विहारात तपासणी शिबिर घेते. हे काम मोलाचे आहे. पण या कार्यक्रमांच्या पोस्टरविषयी आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे, कारण शिबिराला माणूस येणार की नाही हे उद्घाटनाच्या भाषणावर ठरत नाही. ते आठ दिवस आधी भिंतीवर लागलेल्या कागदावर ठरते.

शुभेच्छुकांच्या फोटोंबद्दल फार लिहीत नाही. पाऊण पोस्टर त्यांनीच व्यापलेले असते, हे सर्वांना दिसते. आमचा खरा आक्षेप उरलेल्या पाव भागातल्या फोटोवर आहे. सलाइन लावलेले, डोळे खोल गेलेले एखादे लेकरू तिथे असते. कार्यकर्ते सांगतात की असा फोटो असल्याशिवाय लोक देणगी देत नाहीत. असेल तसे. पण देणगीदाराला लिहायचे पत्र वेगळे आणि वस्तीत लावायचे पोस्टर वेगळे. ते लेकरू कोणत्या तरी गल्लीतले असते. उद्या त्याला शाळेत जायचे असते, दहा-पंधरा वर्षांनी त्याचे लग्न जमायचे असते. औषधोपचार नीट मिळाले तर सिकलसेलचे रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. तो फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहतो. शिवाय ज्या आईला आपल्या मुलाची तपासणी करायची आहे, ती तो फोटो पाहून शिबिराला येत नाही. घाबरून घरीच थांबते.

‘अमुक समाजाचा आजार’ अशी ओळही काही पोस्टरवर असते. विदर्भात अनुसूचित जाती आणि आदिवासींमध्ये सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण त्याचे कारण जातीत शोधणे चूक आहे. ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तिथे सिकलसेलच्या वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले, म्हणून हा जनुक टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. ज्यांच्या माथी हजारो वर्षे कलंक मारला गेला, त्यांनी आपल्याच पैशाने आणखी एक छापून घेऊ नये.

सर्वांत जपून लिहायची ओळ लग्नाची. ‘पत्रिका नको, सिकलसेल कार्ड जुळवा’ ही घोषणा चांगली आहे. मात्र पत्रिका सोडलेल्या घरांत आता त्या कार्डाचीच पत्रिका होऊ लागली आहे. मुलीच्या रिपोर्टवर ‘एएस’ दिसले की स्थळ परत जाते, मग मुलाची तपासणी झालेली असो वा नसो. म्हणून पोस्टरवर पूर्ण गोष्ट यायला हवी. एएस म्हणजे वाहक. वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते, तिला या आजाराचा त्रास सहसा होत नाही. एक जोडीदार वाहक आणि दुसऱ्याचा रिपोर्ट पूर्ण सामान्य असेल, तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा जोडप्याला गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. हे चार वाक्यांत बसते. आणि चित्र काढायचेच असेल, तर रक्त द्यायला बसलेल्या मुलीशेजारी मुलगाही बसलेला दाखवा.

बीट, डाळिंब आणि पालकाची चित्रे काढून ‘सिकलसेल टाळा’ असे लिहिलेली पोस्टरे तर सरळ दिशाभूल करतात. हा आजार आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, आहाराने तो टळत नाही. यातली रक्ताची कमतरता मुख्यतः तांबड्या पेशी लवकर नष्ट झाल्याने होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची झालेली पेशी १० ते २० दिवसच. पालेभाज्या जरूर खाव्यात, पण ते वेगळ्या पोस्टरवर सांगावे.

या आजाराची लक्षणे मात्र ठळक हवीत: हातापायांचे सांधे वारंवार दुखणे, लहान बाळाच्या हातापायांना सूज येणे, डोळे पिवळे दिसणे, सतत थकवा. त्याखाली तपासणीबद्दल लिहावे. बोटातून रक्ताचे थेंब घेतात, उपाशीपोटी यायची गरज नाही. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी करावी लागते. ती कुठे होईल, हे पोस्टरवर नसेल तर पॉझिटिव्ह आलेला माणूस धास्ती घेऊन घरी जातो आणि तिथेच अडकतो.

वेळेचाही विचार व्हावा. जून म्हणजे पेरणीचे दिवस. ‘सकाळी १० ते १’ असे छापले की शेतावर आणि मजुरीवर जाणारे आपोआप वगळले जातात. संध्याकाळी सहानंतर शिबिर ठेवता येत असेल तर ठेवावे आणि वेळ तारखेइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी. बाबासाहेबांचा किंवा तथागतांचा फोटो पोस्टरवर घ्यायचा का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. आमचे मत, घेऊ नये. पावसात कागद सुटतो आणि चिखलात जातो. तो पायाखाली आलेला कोणाला पाहवेल?

छापायला देण्याआधी कच्चा नमुना वस्तीतल्या एखाद्या सिकलसेल रुग्णाला आणि फारसे न शिकलेल्या एखाद्या मावशीला दाखवावा. मावशी वाचताना जिथे अडखळतील तो शब्द बदलावा. रुग्णाला एवढेच विचारावे, हा कागद तुझ्या घराच्या भिंतीवर लावला तर चालेल का?