लाओसची भूमी आणि बेपर्वाईचा आरोप

युद्ध संपले की त्याचा हिशेबही चुकता झाला, आणि पुढे शेतात सापडलेल्या बॉम्बने कोणी दगावलाच तर ती त्याची स्वतःची बेपर्वाई, हे मत अन्यायाचे असूनही आजवर प्रतिष्ठित राहिले आहे. 1964 ते 1973 या अवधीत अमेरिकेने लाओसवर 20 लक्ष टनांहून अधिक दारूगोळा टाकला. त्यातील क्लस्टर बॉम्बच्या पोटातून विखुरलेल्या, ग्रामस्थ ज्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात अशा चेंडूएवढ्या गोळ्या सुमारे 27 कोटी होत्या, आणि त्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत असा अंदाज आहे.

फलक लावा, लोकांना समज द्या, एवढ्याने भागेल असे प्रतिपक्ष म्हणतो. समज अवश्य द्यावी, विशेषतः मुलांना. परंतु शियांगख्वांग प्रांतातला शेतकरी धोका पुरता जाणूनच कुदळ उचलतो, कारण भात पिकल्यावाचून त्याचे घर चालत नाही. आणि उघड्या जमिनीवर पेटविलेल्या चुलीखाली पुरलेली बॉम्बी तापून फुटते, तेव्हा बेपर्वाई कोणाच्या पदरी घालावी? कालांतराने हे गोळे निकामी होतील, हा युक्तिवादही टिकत नाही. लोखंड गंजले तरी आतील स्फोटक शाबूत राहते. पहिल्या महायुद्धातील तोफगोळे फ्रान्समध्ये आजही नांगराला लागतात.

याच्या उलट, विमानांच्या बॉम्बफेकीच्या नोंदींवरून सारा मुलूखच संशयित ठरविणे हीदेखील चूकच होय, कारण त्यामुळे निर्धोक जमीन व्यर्थ पडीक राहते आणि तपासाचे श्रम रिकाम्या रानात खर्ची पडतात. ग्रामस्थांची साक्ष घ्यावी, त्यांनी दाखविलेल्या जागी शोधयंत्र फिरवावे, बॉम्बी सापडताच तेथून चौकटीमागून चौकट तपासत पुरावा संपेपर्यंत जावे, आणि अशा रीतीने धोक्याची हद्द मुक्रर झाल्यावर शेत, शाळा व पाणवठा यांची सफाई प्रथम करावी, ही लाओसने स्वीकारलेली पद्धती मला सर्वस्वी ग्राह्य वाटते; धोक्याचे माप जमिनीतील बॉम्बइतकेच त्या जमिनीवर माणसाचे जगणे किती अवलंबून आहे यावरूनही घेतले पाहिजे.

या सफाईचा खर्च बॉम्ब टाकणाऱ्याने सोसावा, हा साधा न्याय आहे. 2016 साली अमेरिकेने तीन वर्षांसाठी 9 कोटी डॉलर देऊ केले, ते योग्यच झाले. मात्र क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या 2008 च्या करारावर अमेरिकेने सही केलेली नाही, आणि आपल्या भारतानेही नाही.