विद्यापीठ निवडा, पण पारखून



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "आता पुढे कुठे?" आणि त्याचे उत्तर बहुधा दुसरेच कोणी तरी देते. शेजारच्या काकांचा मुलगा जिथे गेला तिथे, वर्गातील चार मैत्रिणी जिथे अर्ज भरणार तिथे, किंवा बसस्थानकावरच्या जाहिरातीत ज्या इमारतीचे छायाचित्र मोठे होते तिथे! वही विकत घेतानासुद्धा आपण पाने उलटून पाहतो. मग आयुष्यातील तीन ते पाच वर्षे जिथे घालवायची, ती जागा आपण न पाहताच का ठरवतो?

मी सध्या पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकते आहे. शाळेतील धाकटी मंडळी मला नेहमी विचारतात, "ताई, सर्वांत चांगले विद्यापीठ कोणते?" माझे मत असे की, हा प्रश्नच थोडा बदलायला हवा. ज्याला विज्ञान शिकायचे आहे त्याने विज्ञानाच्या रीतीनेच निवड करावी. म्हणजे ऐकीव माहितीवर विसंबू नये. पाहावे, मोजावे, तुलना करावी आणि मग निष्कर्ष काढावा.

विद्यापीठ शिकवते की परीक्षा घेते?

प्रथम विद्यापीठ म्हणजे काय ते समजून घेऊ. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे आपल्याकडील पहिली आधुनिक विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ती वाटणी होती. आजही पदवीपर्यंतचे बहुतेक विद्यार्थी अशा संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. उदाहरणार्थ, कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. दोन वेगवेगळ्या गावांतील विद्यार्थ्यांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाचे नाव येते. पण एकाने तीन वर्षे उपकरणे हाताळलेली असतात, तर दुसऱ्याने ती कपाटाच्या काचेतून पाहिलेली असतात.

दुसऱ्या प्रकारच्या संस्था स्वतःच शिकवतात आणि संशोधनही करतात. पुण्याची आयसर ही संस्था २००६ साली सुरू झाली; आज देशात अशा सात आयसर संस्था आहेत. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने २००७ पासून मूलभूत विज्ञानाचे एक केंद्र चालते. तिसरा प्रकार स्वायत्त महाविद्यालयांचा. ती अभ्यासक्रम स्वतः आखतात, परीक्षा स्वतः घेतात. पदवी मात्र विद्यापीठाची असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत "कोणते विद्यापीठ?" या प्रश्नाचा खरा अर्थ "कोणते महाविद्यालय आणि त्यातला कोणता विभाग?" असाच असतो.

सरासरीचा फसवा आधार

"मग क्रमवारी कशासाठी असते?" असे तुम्ही विचाराल. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्यातील विद्यापीठांच्या यादीत शंभरापैकी ३० गुण अध्यापन व साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढील वाटचालीला, १० समाजातील सर्व थरांच्या समावेशाला आणि १० लोकांच्या मनातील प्रतिमेला असतात. ही माहिती निरुपयोगी नाही. पण तो सगळ्या संस्थेचा एकत्रित आकडा आहे. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे एवढे ऐकून तिच्यात उतरणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे! एखाद्या संस्थेचा रसायनशास्त्र विभाग उत्तम असेल आणि गणिताच्या विभागात दोनच प्राध्यापक असतील, तर क्रमवारीतल्या एका आकड्यावरून ते कळणार नाही. 'नॅक'ची श्रेणीही संपूर्ण संस्थेला मिळते. ती किती साली मिळाली तेही पाहून घ्यावे.

विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे मात्र आधी तपासलेच पाहिजे. मान्यता नसलेल्या बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो.

जाऊन पाहा, मोजून पाहा

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. शक्य असेल तर अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालय पाहून या. ऐन प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका. एखाद्या साध्या दिवशी, प्रात्यक्षिकांच्या वेळी जा. आधी कार्यालयात विचारून परवानगी घ्या. घरचे कोणी बरोबर असले तर उत्तमच.

पहिली पाहणी प्रयोगशाळेची. एका उपकरणावर किती विद्यार्थी काम करतात ते मोजा. समजा, वीस जणांची तुकडी आहे, तीन तासांचे प्रात्यक्षिक आहे आणि उपकरणांचे चारच संच आहेत. म्हणजे एका संचावर पाच जण. प्रत्येकाच्या वाट्याला १८० भागिले ५, म्हणजे ३६ मिनिटे. तेच दहा संच असतील तर प्रत्येकाला ९० मिनिटे मिळतात. हा साधा भागाकार तुम्हाला कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण वाचन तुम्ही स्वतः घेणार की शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणार, हे त्यावरच ठरते.

दुसरी पाहणी शिक्षकांची. तुमच्या विषयात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारा. तासिका तत्त्वावर शिकवणारे कित्येक शिक्षक उत्तम शिकवतात. उणीव त्यांच्यात नसते. पण ज्यांना पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नाही, त्यांच्याकडे दोन वर्षांचा एखादा प्रकल्प घेऊन जायचे कसे?

तिसरी पाहणी ग्रंथालयाची. ते किती वाजेपर्यंत उघडे असते? पुस्तके विद्यार्थ्याला स्वतः कपाटातून काढून चाळता येतात का? वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना याचे महत्त्व फार असते.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. "महाविद्यालय कसे आहे?" असे मोघम विचारू नका, "छान आहे" एवढेच उत्तर मिळेल. "गेल्या सत्रात किती प्रयोग झाले? शंका विचारली तर सर किंवा मॅडम थांबतात का? उपकरण बिघडले तर दुरुस्तीला किती दिवस लागतात? मागच्या वर्षीचे विद्यार्थी पुढे कुठे गेले?" असे नेमके प्रश्न विचारा. आणखी एक प्रश्न आता आवश्यक झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. तुमच्या विषयाचे चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

अर्ज करताना

अर्जांच्या बाबतीत मुख्य अडचण अशी की दारे अनेक आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. नेहमीच्या बी. एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी यांसाठी राज्याची सीईटी असते. आयसरसाठी त्यांची स्वतःची अभियोग्यता परीक्षा असते. तिच्यात जीवशास्त्र, रसायन, गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्या उत्तराला उणे १. भुवनेश्वरची नायसर आणि कालिन्याचे केंद्र यांची 'नेस्ट' ही प्रवेशपरीक्षा आणखी वेगळी. एक वही करा. प्रत्येक परीक्षेला एक पान द्या. अर्जाची शेवटची तारीख, शुल्क आणि लागणारी कागदपत्रे तिच्यात लिहून ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना.

कागदपत्रांची तयारी अकरावीतच सुरू करावी. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांना नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, यांपैकी काहींना महिनोन्महिने लागतात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही पाहावे. एका अक्षराच्या फरकासाठी तहसील कार्यालयाच्या चार-चार फेऱ्या घालाव्या लागतात.

केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतील पसंतिक्रमाविषयी एक गैरसमज आहे. "अवघड संस्थेचे नाव वर लिहिले तर सोपी जागाही हातची जाईल," अशी भीती मुलांना वाटते. पण जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली शिल्लक जागा सापडेल ती तुम्हाला मिळते. वरची जागा भरलेली असेल तर खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या इच्छेच्या क्रमानेच लिहावी. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यावर ती नाकारता येते का, याचा नियम नीट वाचून घ्यावा.

खर्च आणि अंतर

आता ज्या दोन गोष्टींवर बहुतेक घरांत निर्णय अडतो त्यांविषयी. खर्च मोजताना केवळ शिक्षणशुल्क पाहू नका. वसतिगृह, खाणावळ, प्रवास, परीक्षाशुल्क आणि पुस्तके धरून संपूर्ण वर्षाची बेरीज करा. त्यातून मिळण्याजोगी शिष्यवृत्ती वजा करा. हा हिशेब आईवडिलांबरोबर बसून मांडावा. निव्वळ नावासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळा, शिक्षक आणि पुढच्या संधी खरोखरच सरस असतील, तरच त्या कर्जाचा विचार करावा.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि ती विशेषतः मैत्रिणींच्या वाट्याला येते. "मुलीला एवढ्या लांब कशाला?" १९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हा तेथे संचालक असलेल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून तो नाकारला. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. अखेर एक वर्ष काम पाहू, या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली, पुढे त्या कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या. आज मुलीने लांबच्या संस्थेचा अर्ज भरायचा म्हटले तर तिला एवढे झगडावे लागू नये. पण घरी नकार मिळाला, तर त्याचे कारण जरूर विचारावे. कारण खर्चाचे असेल तर आकडे मांडता येतात. सुरक्षिततेचे असेल तर आईवडिलांना वसतिगृह दाखवता येते.

हवी ती जागा मिळाली नाही तर?

इतके करूनही अनेकांना मनासारखी संस्था मिळणार नाही. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, हे गणितच तसे आहे. पण बारावीचे दार हे शेवटचे दार नव्हे. बी. एस्सी.नंतर 'जॅम' ही परीक्षा देऊन आय.आय.टी.मध्ये एम. एस्सी. करता येते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील, तर २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच. डी.साठीही अर्ज करता येतो.

आणि द. रा. कापरेकरांना कसे विसरायचे? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षकी केली. त्यांच्याजवळ पदव्युत्तर शिक्षण नव्हते, मोठ्या संस्थेचा शिक्का नव्हता. तरीही ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, उदाहरणार्थ ३५२४. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यासाठी कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढीच सामग्री पुरते. चांगल्या संस्थेने वाट सोपी होते, हे खरेच. म्हणून तर एवढी पारख करायची. पण चालावे आपल्यालाच लागते.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे माजी विद्यार्थी गावी येतात. त्यांतील निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या चौघापाचांना एक दिवस वर्गात बोलवावे. वर दिलेल्या प्रश्नांची त्यांची उत्तरे एका वहीत नोंदवून ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. दरवर्षी भर पडत गेली, तर ज्या मुलांच्या घरात आजवर कोणीच महाविद्यालयात गेले नाही, त्यांनाही या वहीतून चांगली माहिती मिळेल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "अमुक विद्यापीठ फार चांगले आहे हं!" तर नम्रपणे विचारा, "कोणता विभाग? तिथे एका उपकरणावर किती विद्यार्थी असतात?" उत्तर आले तर वहीत लिहून घ्या. नाही आले, तर स्वतः जाऊन मोजून या.